ससा टेबलावर, कुत्रा रिंगणात

जबलपूरहून आज दोन प्रदर्शनांची गोष्ट सांगतो.

१८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला श्वान प्रदर्शन भरलं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकाऱ्यांचे कुत्रे होते आणि बक्षीसही बंदूकच होती. आजही परीक्षक कुत्र्याला रिंगणात चालवून, पळवून पाहतो.

ससा माणसानं पाळला तो मांस, कातडं आणि लोकरीसाठी. त्याला टेबलावर ठेवतात. परीक्षक अंगाची भरण, केसांचा पोत हातानं चाचपतो. अमेरिकेत प्रत्येक जातीचे गुण १०० पैकी मोजतात आणि सशाच्या डाव्या कानात क्रमांक गोंदलेला लागतो.

सशाचा उपयोग त्याच्या अंगातच असतो, म्हणून तो टेबलावर कळतो. कुत्र्याचं नाक, दम आणि धीर मात्र रिंगणात कळत नाही. घोरपड्यांच्या संस्थानात जपलेला आपला मुधोळ २००५ साली टपाल तिकिटावर झळकला; पण त्याची खरी परीक्षा सुरू झाली २०१६ साली, लष्करानं त्याची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली तेव्हा. काम सुटलं की जात नुसती दिसण्यापुरती उरते. म्हणून पिल्लू घेताना आईबापांची पदकं जरूर बघा, पण ते काय काम करतात हेही विचारा.

जय हिंद.