भूमी, पाणी आणि भूमिपुत्र

आज एका शब्दाची गोष्ट. शब्द आपल्या ओळखीचा, पण गोष्ट समुद्रापलीकडची.

इंडोनेशियात आणि मलेशियात पृथ्वीला ‘बुमी’ म्हणतात. आपली भूमीच ती. सुमात्राजवळ बांका बेटावर कोता कापुर इथे इ. स. 686 चा जुन्या मलय भाषेतला शिलालेख सापडला. श्रीविजयला न जुमानणाऱ्या ‘भूमी जावा’वर सैन्य निघाल्याचं त्यात लिहिलंय. गंमत बघा, राजाशी निष्ठा म्हणायला तिथे शब्द आहे ‘भक्ती’!

स्वदेशाला मात्र नुसतं बुमी म्हणून भागत नाही. त्यासाठी शब्द आहे ‘तानाह आइर’, म्हणजे जमीन आणि पाणी. हजारो बेटांचा मुलूख, मधला समुद्र परका कसा मानणार? इंडोनेशियाच्या 1945 च्या घटनेत 33 व्या कलमातही बुमी आणि आइर शेजारी-शेजारी बसलेत.

आता ‘बुमीपुत्र’. 1913 साली नेदरलँड्स आपल्या स्वातंत्र्याची शंभरी साजरी करायला निघालं, तीही गुलाम जावामध्ये. तेव्हा बांडुंगला निषेधासाठी समिती उभी राहिली, तिच्या नावातच ‘बुमीपुत्र’ होतं. तिच्यातल्या सुवार्दी सुर्यानिंग्रात यांना हद्दपारी भोगावी लागली. तेव्हा हा शब्द राज्यकर्त्याला विचारत होता, हे घर कोणाचं?

मलेशियात तो शेजाऱ्याला विचारू लागला. 1969 च्या दंगलीनंतर 1971 मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. 1990 पर्यंत कंपन्यांच्या भांडवलात 30 टक्के वाटा मलय आणि इतर मूलनिवासींचा, म्हणजे बुमीपुत्रांचा, हे लक्ष्य ठरलं. मलय समाज तेव्हा खरंच मागे होता, हे मान्य करायला हवं. पण रबराच्या मळ्यात राबायला नेलेल्या तमिळ मजुराचा नातू या यादीत नाही. शब्द भारतातून गेला तो तिथला झाला, माणूस गेला तो झाला नाही.

इंडोनेशियात 1998 च्या मे महिन्यात चिनी वंशाच्या लोकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हबीबींनी सरकारी कामकाजातून ‘प्रिबुमी’ आणि ‘बिगर-प्रिबुमी’ हे शब्द काढायला सांगितले.

आणि गोवा? 2021 मध्ये विधानसभेत भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर झालं. 30 वर्षं राहिलेला माणूस भूमिपुत्र, असं त्यात होतं. आदिवासी समाजाने हरकत घेतली, मग आम्ही कोण? सरकारला तो शब्द मागे घ्यावा लागला.