विहाराची भिंत : तूस, माती आणि चुना

बौद्ध वास्तुकलेचा विचार करताना आपली दृष्टी स्तूप, तोरणे व लेणी यांवरच खिळते. भिंतीच्या गिलाव्याकडे सहसा कोणी पाहत नाही. विनयपिटकाने मात्र हा विषय क्षुल्लक मानलेला नाही.

चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात एक प्रसंग आहे. अन्य तीर्थिकांची निवासस्थाने पांढऱ्या रंगाची, जमीन काळी आणि भिंती गेरूच्या असत. लोक ती पाहावयास जात. हे कळल्यावर तथागतांनी विहारांसाठीही या तिन्ही रंगांना अनुज्ञा दिली. परंतु खडबडीत भिंतीवर पांढरा रंग बसेना. तेव्हा तुसाचे गोळे लावून थापीने भिंत घोटण्याची अनुज्ञा झाली. तरीही रंग धरेना, म्हणून मऊ माती. तेवढ्यानेही भागेना, म्हणून झाडाचा चीक आणि पिठाची खळ. याच खंधकात छपराचे जे पाच प्रकार मान्य केले आहेत, त्यांत 'सुधा' म्हणजे चुन्याचाही समावेश आहे.

येथे प्रत्येक अनुज्ञा प्रत्यक्ष अडचणीतून निर्माण झाली आहे. प्रयत्न, अपयश आणि सुधारणा हा तिचा क्रम आहे. हे ज्ञान यज्ञमंडपातले नव्हे. ते तूस पाखडणाऱ्या आणि माती तुडविणाऱ्या हातांचे आहे. पुढे अजिंठ्याच्या चित्रांखालीही भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा आणि त्यावर पातळ पांढरा थर आढळतो.

या रीतीमागे शास्त्र आहे. माती वाळताना आक्रसते व तडकते. तूस तो ताण विभागते. चुनखडी भाजून मिळालेला कळीचा चुना पाण्यात विरवून भिंतीस लावला, की तो हवेतील कार्बन डाय ऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो. तरीही त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून भिंतीतील ओल बाहेर पडते. सिमेंटचा घट्ट थर ती ओल अडवितो. आतली माती भुसभुशीत होते आणि अखेर गिलावाच पोपडे होऊन सुटतो. म्हणून मातीच्या जुन्या भिंतींची डागडुजी चुन्यानेच व्हावी, असे आमचे मत आहे.

ज्यांनी या भिंती लिंपल्या त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यांची कृती मात्र विनयाने बुद्धवचनात स्थान देऊन जपली. श्रमाला हीन लेखणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती. लेण्यांतील चित्रांपुढे उभे राहताना आपण चित्रकारांइतकाच त्या गवंड्यांनाही कृतज्ञतेने आठवावे.