सुरतेतला आपला वाल

सुरतेचं नाव काढलं की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना १६६४ आठवतं. "तुम्ही तर महाराजांनी लुटलेल्या गावात राहता," हे वाक्य मी प्रत्येक लग्नात ऐकलंय. आज मी त्याहून लहान इतिहास सांगणार आहे. आपण खानदेशातून इथे आलो तेव्हा बरोबर काय आणलं, त्याचा. आमच्या घरात आला तो वाल.

तापीच्या काठाने सुरतेपासून अमळनेरपर्यंत रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास. ताप्ती व्हॅली रेल्वे. पुढे उधन्याला लूम वाढले आणि हीच गाडी आपल्या माणसांची वाट झाली. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, पण गाडीत बसलेल्या बाईच्या पिशवीतल्या बिया कोणी तपासल्या नाहीत.

वडील १९७४ साली अमळनेरहून उधन्याला आले, लूमवर. आई वर्षभराने आली. तिच्या सामानात पिठाचा डबा होता आणि पिठात मूठभर वालाच्या बिया. चाळीच्या मागे मोरीचं पाणी जायचं तिथे हातभर जागा होती. पहिला पाऊस पडून जमीन वाफशावर आली की आई रात्री बी भिजत घालायची आणि सकाळी दोन-दोन दाणे टोचायची. मांडवाला बांबू लागायचे, पण सुतळी विकत आणायची गरज नव्हती. कारखान्यातलं वेस्ट सूत वडील आणायचे. नायलॉनचं सूत, पावसात कुजत नाही. सुरतेच्या लूमने आमच्या वेलाला असा हातभार लावला.

वेल आषाढ-श्रावणात नुसता पसरायचा. शेजारणी म्हणायच्या, पानंच पानं, शेंगा कुठायत? आई म्हणायची, "दिवस लहान होऊ देत." हे मला फार उशिरा कळलं की ती शास्त्रच सांगत होती. वालाचे जुने गावठी वाण दिवसाची लांबी ओळखतात. दिवस आखडला की मगच फुलतात. कितीही खत घाला, दसऱ्याआधी घाई नाही. बंगळुरूच्या संशोधन संस्थेने 'अर्का जय'सारखे बुटके वाण काढले, ते दिवस मोजत नाहीत, केव्हाही लागतात. सोयीचे आहेत. पण आमच्या घरी दिवाळीनंतरची पहिली तोडणी हाच थंडीचा निरोप असायचा. ढगाळ हवा आली की शेंड्यांवर मावा पडायचा. त्यावर चुलीची राख, सकाळी दव असताना.

शेजारी एक गुजराती बा राहायच्या. माहेर कतारगामचं. कतारगामची पापडी म्हणजे उंधियोची शान. आमचा वेल पाहून त्या म्हणाल्या, "आ तो अमारी पापडी!" आई म्हणाली, "नाही हो, आमच्या गावचा वाल." बरीच वर्षं हा वाद चालला आणि त्या निमित्ताने वाट्या इकडून तिकडे जात राहिल्या. आमच्याकडून शेंगांची तिखट रस्सा-भाजी, त्यांच्याकडून उत्तरायणाचा उंधियो.

खरं म्हणजे दोघीही बरोबर होत्या. वाल या सीमेपेक्षा फारच जुना. श्रावणघेवडा आणि राजमा अमेरिका खंडातून आले, वाल मात्र त्यांच्या कितीतरी आधीपासून इथला. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात त्याचे जळके दाणे सापडलेत, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचे. जुन्या संस्कृत ग्रंथांत तो 'निष्पाव' आहे. रायगडकडे थंडीत भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावतात, आणि वलसाडच्या हायवेवर तसंच मडकं पालटं घालून उबाडियुं. पाला वेगळा, नाव वेगळं, आतली शेंग तीच.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिच्या परसात लाल फुलांचा रनर बीन आहे. तो मूळचा मेक्सिकोकडच्या थंड डोंगराळ भागातला, इंग्रजांनी आधी फुलांच्या शोभेसाठी लावला, शेंगा खायला नंतर शिकले. ती विचारते, "मामा, बी पाठवू?" मी म्हटलं, नको गं. आपल्या उन्हात त्याची फुलं गळतात, शेंग धरत नाही. तुझा तुझ्याकडे बरा, आमचा आमच्याकडे.

१९९८ ला आम्ही अडाजणला रो-हाऊस घेतलं. मागे छान जागा, आई खूश. मग ऑगस्ट २००६. उकाईचं पाणी सुटलं आणि तापी घरात आली. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली सगळं बुडालेलं. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल. फ्रिज, गाद्या, फोटो गेले. आई मात्र चिखलात हात घालून एकच वस्तू शोधत होती, राखेत बी ठेवलेला पत्र्याचा डबा. सापडला, पण बी सडलेलं. मांडवाचाही पत्ता नव्हता. तीस वर्षांचा वेल असा संपला असं आम्हाला वाटलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

पण आईची एक सवय होती. दरवर्षी बी तयार झालं की निम्मं घरात आणि निम्मं वाटायचं. नंदुरबारला आत्याला, अमळनेरला मामीला, चाळीतल्या बायकांना, बांना. दिवाळीत आत्या आली ती पदराच्या गाठीत मूठभर दाणे बांधून. म्हणाली, "वहिनी, तुमचंच आहे, परत घ्या." चार दिवसांनी बांच्या सुनेनेही पुडी पाठवली. कतारगामचं म्हणून. आईने दोन्ही एकाच वाटीत ओतलं. २००७ च्या पावसात लावलं. कोणता वेल कोणाचा, हा वाद तेव्हा मिटला.

आता बा नाहीत, आईही नाही. कतारगामच्या वाड्यांवर हिऱ्यांचे कारखाने आणि सोसायट्या उभ्या आहेत. आमच्या मागच्या जागेत गाडी असते. वेल मी गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये घेतो, दोन बांबू आणि तेच सूत. लागतो चांगला. आठवड्याला दोन वेळची भाजी निघते. खालच्या, आधी लागलेल्या भरदार शेंगा तोडत नाही. त्या वेलावरच वाळू देतो, माघ सरता सरता काढतो, राखेत घालतो.

निम्म्याच ठेवतो. बाकीच्या पुड्या बांधून तयार आहेत. सुरतेतल्या कोणाला हव्या असतील तर खाली लिहा, पाऊस पडायच्या आत पोचवीन. अट एकच, पुढच्या वर्षी तुम्हीही निम्मं कोणाला तरी द्यायचं.