कोडे एकाचे, चित्र दुसऱ्याचे : ‘ब्रेड’ या खेळाची कहाणी

१/१० डिजिटल खेळांच्या इतिहासात प्रोग्रामरचे नाव उरते, चित्रकाराचे बहुधा मागे पडते. २००८ साली प्रकाशित झालेला ‘ब्रेड’ हा कोड्यांचा खेळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. (येथे ब्रेड म्हणजे वेणी, न्याहारीच्या पावाशी संबंध नाही.) एका स्वतंत्र निर्मात्याने पदरचे पैसे घालून चित्रकार का नेमला, त्याचा हा थ्रेड.

२/१० अमेरिकन प्रोग्रामर जोनाथन ब्लो यांना या खेळाची कल्पना डिसेंबर २००४ मध्ये सुचली. वर्षभरात खेळाची बहुतेक दालने आणि कोडी सिद्ध झाली. काळ मागे फिरवणे हे खेळाचे मूळ सूत्र. नायक टिम दरीत कोसळला तरी खेळाडू घटका उलट्या फिरवून त्याला पुन्हा काठावर आणतो.

३/१० २००६ साली ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’मध्ये या खेळाला अभिनव रचनेचा पुरस्कार मिळाला. तेव्हा पडद्यावर होती ती केवळ कामचलाऊ चित्रे. म्हणजे खेळाची बुद्धी चित्रांवाचूनही सिद्ध झाली होती. मग चित्रकाराची गरज काय?

४/१० गरज होती ती भावाची. खेळातील मजकूर पश्चात्ताप, विरह आणि क्षमा यांविषयी बोलतो. ओबडधोबड चौकोनांवर उड्या मारणाऱ्या आकृतीकडून हा भार पेलला गेला नसता. कोडे सुटले असते. त्यामागची व्यथा मात्र पोहोचली नसती.

५/१० पात्रांच्या हालचालींचे आरंभीचे काम एडमंड मॅकमिलन यांनी केले. हेच पुढे ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) या खेळामुळे प्रसिद्धीस आले. त्यानंतर मुख्य चित्रकार म्हणून डेव्हिड हेलमन यांची निवड झाली. हेलमन यांची ओळख होती ती इंटरनेटवरील एका चित्रकथामालेमुळे. मोठ्या कंपनीतील अनुभवापेक्षा त्यांची स्वतंत्र शैली येथे मोलाची ठरली.

६/१० कोड्यांच्या खेळात चित्रकारापुढे एक विशेष पेच असतो. पडद्यावरील प्रत्येक वस्तूकडे खेळाडू खूण म्हणूनच पाहतो. शोभेसाठी काढलेली फांदीही त्याला चढण्याची जागा वाटू शकते. चित्र जितके समृद्ध, तितका कोडे झाकोळण्याचा धोका अधिक.

७/१० हेलमन यांनी यावर काढलेला मार्ग अंतिम खेळात स्पष्ट दिसतो. मागची दृश्ये जलरंगासारखी मऊ आणि धूसर. पाय ठेवण्याच्या जागा मात्र ठळक कडांच्या. काळ मागे फिरवूनही ज्या वस्तूंवर परिणाम होत नाही, त्यांच्याभोवती हिरवी चमक असते. येथे रंग ही नुसती सजावट राहत नाही, तो नियम सांगतो. शिवाय प्रत्येक दालनाला स्वतःचा भाव आहे.

८/१० या साऱ्याची किंमत मोठी होती. ब्लो यांनी सुमारे तीन वर्षांत स्वतःचे जवळपास २ लाख डॉलर खर्च केले. त्यातला मोठा वाटा चित्रकामावर आणि निर्वाहावर गेला. संगीत नव्याने करून न घेता आधीच उपलब्ध असलेल्या रचनांचे हक्क घेतले गेले. काटकसर कोठे करायची आणि कोठे नाही, याचा निर्णय येथे दिसतो.

९/१० ६ ऑगस्ट २००८ रोजी खेळ एक्सबॉक्सवर १५ डॉलर किमतीस आला. ही किंमत जास्त असल्याची तक्रार झाली, तरीही समीक्षकांनी खेळ उचलून धरला आणि त्याची विक्रीही उत्तम झाली. त्या मिळकतीतून ब्लो यांनी ‘द विटनेस’ (२०१६) उभारला. त्यातील बेटाच्या रचनेसाठी तर वास्तुरचनाकार आणि भूदृश्यरचनाकारही नेमले गेले. २००६ चा धडा पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला.

१०/१० २०२४ साली ‘ब्रेड’ची वर्धापन आवृत्ती निघाली. कोडी बहुतांशी जुनीच राहिली, पण चित्रांवर नव्याने हात फिरवण्यासाठी हेलमन परतले. जुने आणि नवे चित्र आलटून पालटून पाहण्याची सोयही त्यात आहे. या आवृत्तीची विक्री निराशाजनक झाल्याचे ब्लो यांनीच जाहीरपणे सांगितले. चांगले चित्र यशाची हमी देत नाही. परंतु सोळा वर्षांनी खेळ पुन्हा मांडताना मुख्यतः चित्रांवरच काम करावे लागले. चित्रकाराला दिलेला मोबदला ‘वरखर्च’ समजणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.