मार्बरी, स्टेफॉन

(२० फेब्रुवारी १९७७ – ). अमेरिकन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणाऱ्या खेळाडूची जागा ते सांभाळत. एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगमध्ये तेरा हंगाम काढल्यावर २०१० मध्ये ते चीनला गेले आणि पुढे बीजिंग डक्स या संघाला त्यांनी चार हंगामांत तीन विजेतेपदे मिळवून दिली. परदेशातल्या लीगमध्ये खेळणे म्हणजे उतरत्या वयातली कमाई, असे अमेरिकेत सर्रास मानले जाते. मार्बरी यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध हा समज खोटा ठरवतो.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात, कोनी आयलंड येथे त्यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते सहावे. घरातले थोरले भाऊही बास्केटबॉल खेळत आणि लिंकन हायस्कूलच्या संघात असतानाच स्टेफॉन यांचे नाव शहरभर झाले होते. जॉर्जिया टेक विद्यापीठात एकच हंगाम खेळून ते १९९६ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये उतरले. मिलवॉकी बक्स संघाने त्यांना चौथ्या क्रमांकावर निवडले आणि लगेच रे ॲलनच्या बदल्यात मिनेसोटा टिम्बरवुल्व्जकडे दिले. तिथे केव्हिन गार्नेटबरोबर त्यांची जोडी जमली, पण १९९९ मध्ये ती फुटली. पुढे न्यू जर्सी नेट्स, फिनिक्स सन्स आणि २००४ पासून घरचा न्यूयॉर्क निक्स, असे संघ बदलत गेले. २००१ आणि २००३ मध्ये ते ऑल-स्टार सामन्यात खेळले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्पेनविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात त्यांनी ३१ गुण केले. त्या स्पर्धेत अमेरिकेला कांस्यपदक मिळाले.

एनबीएमधील ८४६ सामन्यांत त्यांची सरासरी १९.३ गुण आणि ७.६ असिस्ट अशी आहे. आकडे उत्तम दर्जाचे आहेत. तरीही मुख्य खेळाडू म्हणून ज्या संघांत ते होते, त्यांतला एकही प्लेऑफची पहिली फेरी ओलांडू शकला नाही. चेंडू स्वतःकडे ठेवणारा, संघाशी न जमणारा खेळाडू, असा शिक्का त्यांच्यावर बसला. निक्समधील शेवटची वर्षे तर फार कडू गेली. प्रशिक्षकांशी खटके उडाले. डिसेंबर २००७ मध्ये, सामना पाहायला आलेल्या वडिलांना छातीत दुखू लागले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. २००८–०९ च्या हंगामात संघाने त्यांना मैदानात उतरवलेच नाही. अखेरचे काही आठवडे बोस्टन सेल्टिक्सकडून खेळून त्यांची एनबीए कारकीर्द संपली.

याच काळातली एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. २००६ मध्ये त्यांनी ‘स्टारबरी’ नावाचे बूट बाजारात आणले. किंमत १४ डॉलर ९८ सेंट. नामवंत खेळाडूंच्या नावाचे बूट त्या वेळी शंभर डॉलरच्या पुढे विकले जात आणि गरीब वस्त्यांतल्या आयांना ते परवडत नसत. मार्बरी स्वतः तेच स्वस्त बूट घालून एनबीएचे सामने खेळले. बूट विकणारी दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेल्याने हा उपक्रम रखडला.

जानेवारी २०१० मध्ये ते ताय्युआन शहरातील शान्शी संघात दाखल झाले. चायनीज बास्केटबॉल असोसिएशन (सीबीए) ही लीग १९९५ मध्ये सुरू झाली. तिथे परदेशी खेळाडूचे आयुष्य बहुधा एका हंगामापुरते असते: करार छोटा, संघ हरू लागला की मधेच दुसरा माणूस आणला जातो आणि हंगाम संपताच खेळाडू विमानाने घरी परततो. नियमही कडक होते. बहुतेक संघांत परदेशी दोनच, आणि सामन्याच्या चार सत्रांत दोघांना मिळून सहा सत्रांएवढाच वेळ खेळता येई. म्हणजे परदेशी गार्डने एकट्याने कितीही गुण केले तरी उरलेल्या वेळात चिनी सहकाऱ्यांनीच संघ सांभाळायचा. चाळीस-चाळीस गुण करूनही हरणारे परदेशी खेळाडू या लीगने पुष्कळ पाहिले आहेत. मार्बरी यांचीही पहिली दोन वर्षे अशीच गेली. शान्शीने त्यांना पुढे ठेवले नाही. फोशानमध्ये एक हंगाम निघाला, पण संघ तळाकडेच राहिला.

२०११ मध्ये बीजिंग डक्सने त्यांना घेतले. शौगांग या पोलाद कंपनीच्या या संघाने तोवर एकदाही विजेतेपद पटकावले नव्हते. प्रशिक्षक मिन लुलेई यांनी संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. उंच सेंटर रँडॉल्फ मॉरिस हा दुसरा परदेशी खेळाडू, जोडीला तैवानचा चपळ गार्ड ली श्युएलिन, आणि चाय श्याओच्वानसारखे तरुण. मार्बरी सरावात तरुणांना शिकवत, चेंडू वाटून देत आणि गुण करायची वेळ आली की स्वतः पुढे होत. राजधानीत ते भुयारी रेल्वेने फिरत, सामान्य प्रवाशांच्या गर्दीत उभे राहून. संघभावनेवर ते इतके बोलत, की चाहत्यांनी त्यांना ‘राजकीय कमिसार मा’ असे लाडाचे नाव दिले; कमिसार म्हणजे सैन्यातला पक्षाचा राजकीय अधिकारी, आणि ‘मा’ हे मार्बरीचे चिनी संक्षिप्त रूप.

२०१२ ची अंतिम लढत ग्वांगडोंगशी होती. या संघाने मागच्या आठपैकी सात विजेतेपदे जिंकलेली. ३० मार्च रोजी, बीजिंगमधील वुकसोंग येथील भरगच्च स्टेडियममध्ये पाचवा सामना झाला. मार्बरी यांनी ४१ गुण केले, बीजिंगने १२४–१२१ असा सामना आणि ४–१ अशी मालिका जिंकली. सामना संपल्यावर त्यांना अश्रू आवरले नाहीत. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ली श्युएलिन यांची निवड झाली. ली यांचे कर्तृत्व मान्य करूनही म्हणावे लागते, की तो मान मार्बरी यांचा होता. त्याच वर्षी स्टेडियमबाहेर मार्बरी यांचा पुतळा उभारला गेला. २०१४ मध्ये शिन्ज्यांगला आणि २०१५ मध्ये ल्याओनिंगला ४–२ असे हरवून डक्सने पुन्हा विजेतेपद मिळवले आणि २०१५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब अखेर त्यांना मिळाला.

२०१४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर बीजिंगमध्ये संगीत नाटक झाले आणि त्यात त्यांनी स्वतःची भूमिका केली. २०१५ च्या अखेरीस त्यांना चीनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. परदेशी माणसाला तो क्वचितच दिला जातो. २०१७ मध्ये डक्सने त्यांना खेळाडू म्हणून कायम ठेवले नाही, तेव्हा ते शहरातल्याच बेइकोंग संघाकडे गेले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी शेवटच्या सामन्यात २० गुण करून, संघाला जिंकवून, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली. पुढल्या वर्षी त्याच बेइकोंग संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी स्वीकारले.