वितळलेली फ्यूजपेटी : प्रीमियर पद्मिनी, काशीदची खारी हवा आणि जुन्या मोटारींच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने भांडवल, परवाने आणि कारखाने यांच्या अंगाने झालेले आहे. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्या गाडीचे पुढील तीस-चाळीस वर्षांत काय झाले, ती कोणी व कशी दुरुस्त केली, तिच्यात काय भर घातली गेली, याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात हा दुर्लक्षित भाग एका अगदी लहान वस्तूच्या आधारे तपासावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीतील फ्यूजची पेटी. ही पेटी तापते, तिचा एखादा खाचा काळवंडतो, कधी ती सबंध वितळते. अशा वेळी दोष ‘शॉर्टसर्किट’चा, असे म्हणून विषय संपविला जातो. परंतु पुष्कळ प्रकरणांत शॉर्टसर्किट झालेलेच नसते. पेटी वितळते ती त्या गाडीने भोगलेल्या टंचाईचा, हौसेचा आणि हवामानाचा साठत गेलेला परिणाम म्हणून, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी काशीदचा किनारा निवडण्यास कारण आहे. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील हे गाव अलिबाग-मुरूड रस्त्यावर अगदी समुद्रालगत वसलेले आहे. मुंबईत बनलेली आणि मुंबईत वापरलेली गाडी सुट्टीसाठी, किंवा उतारवयात एखाद्या वाडीतील शेडखाली कायमची, याच किनारपट्टीत येत राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात जे धातू एकत्र आणले गेले, त्यांची कसोटी येथील हवेत लागते.

कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीस अमेरिकन क्रायस्लर समूहाच्या आणि नंतर इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या कुर्ल्यात तयार होऊ लागल्या. लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे प्रेमाने नाव दिलेली ११०० ही पन्नासच्या दशकातील. १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने येथे आलेली ११०० डी हीच पुढे प्रेसिडेंट आणि त्यानंतर पद्मिनी झाली. इटलीत या नमुन्याचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले, भारतात मात्र ते शतक बदलेपर्यंत चालू राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

या दीर्घायुष्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याची दुसरी बाजू अशी की साठच्या दशकातील विद्युत रचनेवर ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकातील अपेक्षा लादल्या गेल्या. मूळ रचनेत मोठ्या दिव्यांचे बल्ब ४५/४० वॅटचे असत. डाव्या व उजव्या दिव्यांना स्वतंत्र फ्यूज असेल, तर प्रत्येक फ्यूजमधून जेमतेम पावणेचार अँपिअर प्रवाह जातो आणि आठ अँपिअरचा फ्यूज निवांत राहतो. पुढे बाजारात हॅलोजन बल्ब आले. त्यातील १०० वॅटचा बल्ब बसविला की हाच प्रवाह आठ अँपिअरच्या वर जातो. त्यात कर्कश जोडभोंगा, टेपरेकॉर्डर, मागच्या काचेजवळचा छोटा पंखा. ही सर्व जोडणी बहुधा पेटीतील जो खाचा हाताशी सापडला, त्यावरच होत असे. वायरिंगचा नकाशा गॅरेजमध्ये नव्हता. तो फिटरच्या डोक्यात होता, आणि प्रत्येक फिटरच्या डोक्यातील नकाशा निराळा होता.

फ्यूज ‘बांधण्याची’ परंपरा

येथे एक सांस्कृतिक बाब नोंदविणे आवश्यक वाटते. आपल्या घरांत फ्यूज ‘बदलला’ जात नसे, तो ‘बांधला’ जात असे. चिनीमातीच्या किटकॅटमध्ये तार गुंडाळणे हे घरातील कर्त्या माणसाचे कौशल्य मानले जाई, आणि तार सापडली नाही तर वायरीतला एखादा धागा काढून काम भागविले जाई. हेच कौशल्य मोटारीत आले. फियाटचा फ्यूज म्हणजे निमुळत्या टोकांची चिनीमातीची लहानशी कांडी आणि तिच्यावर बसविलेली धातूची पट्टी. कांडीचा रंग तिची क्षमता सांगतो : पांढरी आठ अँपिअरची, तांबडी सोळाची, निळी पंचवीसची. पांढरी जळाली आणि पिशवीत तांबडीच असली तर तांबडी बसे. तीही नसली तर सिगारेटच्या पाकिटातील चांदी जळक्या कांडीवर गुंडाळली जाई. सुटे भाग वेळेवर न मिळणाऱ्या काळात रात्रीच्या वेळी वडखळच्या पुढे अडकलेल्या माणसास याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र घरी पोहोचल्यावरही ती चांदी तशीच राहत असे, आणि पुढील मालकाला तिची वार्ताही नसे.

अँबॅसिडरची गोष्ट थोडी वेगळी. ती ब्रिटिश घराण्यातील असल्याने तिच्यात लुकास पद्धतीचे काचेचे फ्यूज होते. त्यांवर छापलेला ३५ अँपिअर हा आकडा फ्यूज वितळण्याचा असे. अखंड वहनाची क्षमता सुमारे त्याच्या निम्मी. इतर देशांच्या पद्धतीत छापलेला आकडा अखंड वहनाचा असतो. आकडा तोच ठेवून दुसऱ्या पद्धतीचा फ्यूज घातला की संरक्षण जवळजवळ निम्म्यावर येते. एकाच देशात दोन परंपरांच्या गाड्या शेजारीशेजारी चालत असताना हा फरक सांगणारा कोणी नव्हता.

फ्यूज शाबूत, पेटी वितळलेली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फ्यूज न जळता पेटी कशी वितळते? फ्यूजचे काम वायरीला अतिप्रवाहापासून वाचविणे हे आहे. स्वतःच्या टोकाशी असलेल्या सांध्याचे रक्षण तो करीत नाही. कांडीचे टोक आणि पितळी चिमटा यांच्यामध्ये मळ साचला, तर तेथे रोध निर्माण होतो. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते. दहा अँपिअर प्रवाह आणि एक शतांशाच्या पाच पट, म्हणजे ०.०५ ओहम एवढा किरकोळ रोध धरला, तरी त्या चिमट्याशी पाच वॅट उष्णता सतत निर्माण होते. नखाएवढ्या पितळी पट्टीला आणि तिच्याभोवतीच्या प्लास्टिकला ती तासाभरात पुरेशी ठरते. या काळात प्रवाह वाढलेला नसतो. रोधामुळे उलट तो किंचित घटतो. म्हणून सोळाची कांडी शांत राहते आणि पेटी मऊ पडते. तापलेल्या पितळेची स्प्रिंग मरते, पकड सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि चक्र वेग घेते.

पेटीच्या द्रव्याचाही येथे विचार केला पाहिजे. १९०७ च्या सुमारास शोध लागलेले बेकेलाइट वितळत नाही, ते करपते व तडकते. पेटी ‘वितळणे’ ही उष्णतेने मऊ होणारे प्लास्टिक आल्यानंतरची घटना आहे. स्वस्त फ्यूजमध्ये चिनीमातीऐवजी प्लास्टिकची कांडी आली, तेव्हा कांडीही टोकाशी मऊ पडून आखूड होऊ लागली. पुढे जगभर सर्वत्र झालेला पात्याचा फ्यूज १९७६ मध्ये अमेरिकेत आला. त्याची पकड अधिक क्षेत्रावर असल्याने हा दोष बराच कमी झाला.

काशीदची हवा आणि कल्हई

पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, हे स्वयंपाकघरातील ज्ञान फ्यूजपेटीला तंतोतंत लागू पडते. म्हणूनच भांड्याला कल्हई करीत आणि म्हणूनच चिमट्यांवर कथलाचा पातळ मुलामा देतात. काशीदसारख्या ठिकाणी वाऱ्याबरोबर येणारा मिठाचा अंश बॉनेटच्या फटींतून आत जातो. पावसाळ्यातील दमटपणाने तो ओला राहतो. फ्यूजची पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर प्रश्न बिकट होतो : ॲल्युमिनियम व पितळ हे भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी, अशी लहानशी विद्युतघटच तेथे तयार होते. ॲल्युमिनियमवर साचणारा पांढरा थर विजेचा वाहक नसतो.

त्यात उभ्या गाडीचे हाल अधिक. रोज वापरातल्या गाडीचे कंपन आणि ऊब यांमुळे ओल टिकत नाही. महिनोन् महिने वाडीत उभी राहिलेली गाडी मे महिन्यात पाहुण्यांसाठी सुरू होते, संध्याकाळी रेवदंड्याकडे निघते आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात डॅशबोर्डाखालून जळका वास येतो. पावसाळ्यात वायपरचा सांधा गंजून जड झालेला असला, तर त्याची मोटर अधिक प्रवाह खेचते, आणि कोकणात वायपर मिनिटे नव्हे, तास चालतात.

यावर सर्रास केला जाणारा उपाय पॉलिश पेपरने चिमटा घासणे हा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो या सर्व कथेतील सर्वांत हानिकारक होय. चिमटा चकाकतो, गाडी तेवढ्यापुरती चालते, परंतु कल्हई निघून गेलेली असते. उघडे पितळ पुढील पावसाळ्यात पूर्वीपेक्षा लवकर कळकते. मळ बारीक कडक ब्रशाने व सफाईच्या फवाऱ्याने काढावा, मुलामा गेलेले अथवा पकड सैल झालेले चिमटे बदलावेत, पट्टी तांब्याची घ्यावी आणि जोडणीनंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. तपासणी डोळ्यांनी होत नाही. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरच्या दोन सुया फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या वायरींच्या टोकांना लावाव्यात. दशांश व्होल्टपेक्षा अधिक घट दिसली तर पेटी पाहुण्यांच्या आधी दुरुस्तीला मागते आहे, असे समजावे. मोठ्या दिव्यांचा भार पेटीवरून काढून रिलेमार्फत थेट बॅटरीवर, स्वतंत्र फ्यूजसह, घ्यावा. आधी भार व सांधा दुरुस्त करून मगच फ्यूजचा आकडा पाहावा. बहुतेक गॅरेजांत क्रम उलटा असतो.

जतनाचा प्रश्न

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणीची स्वतंत्र सोय झाली. १९७४ मध्ये नोंदलेली गाडी २०२४ मध्ये या वयास पोहोचली. त्यामुळे फ्यूजपेटीबाबत संग्राहकापुढे नवा पेच उभा राहतो : जुनी पेटी काढून पात्याच्या फ्यूजची पेटी बसवावी, की मूळ पेटीच ठेवावी? नवी पेटी निःसंशय अधिक सुरक्षित आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला जुनी पेटी हा एक दस्तऐवज वाटतो. कोणत्या खाच्यावर किती वायरी मागाहून जोडल्या, कोठे चांदी आहे, कोणती कांडी रंगाशी विसंगत आहे, यावरून त्या गाडीचे मालक, त्यांची ऐपत आणि त्यांचे फिटर यांच्याविषयी जे कळते, ते नोंदणी पुस्तकातून कळत नाही.

रोज चालविण्याच्या गाडीत नवी पेटी बसवावी, यात दुमत नसावे. माणसांचा जीव दस्तऐवजापेक्षा मोठा आहे. प्रदर्शनाच्या गाडीत मूळ पेटी ठेवून भार मात्र दडविलेल्या रिलेंवर घेता येतो. काढलेली पेटी भंगारात देण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक वायर कोठे जात होती, कोणत्या खाच्यात कितीचा फ्यूज होता आणि नेमका कोणता खाचा वितळला होता, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पेटीसोबत बांधून ठेवावी.