विहिरीतले कासव, काचेतले कासव

महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत सभामंडपाच्या फरशीत दगडी कासव कोरलेले असते. भाविक त्याला हात लावून, मग गाभाऱ्याकडे जातो. घरात कासव ठेवण्याच्या रीतीचे मूळ या कूर्मभक्तीत शोधले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. त्या रीतीचे दुसरे मूळ विहिरीत आहे. ठाणे-कोकणच्या गावांत घरच्या आडात किंवा विहिरीत कासव सोडत. ते पाणी राखते, असा समज होता. घरातली माणसे बदलत, कासव मात्र तिथेच राहून पुढच्या पिढीचे होई. माझे म्हणणे एवढेच, की ही परंपरा मुळात पाण्याची निगा राखण्याची होती. कासव तिचा भाग होते, आणि पाण्यापासून तोडल्यावर त्या परंपरेत फक्त कैद उरते.

ठाणे जिल्ह्यातल्या जांभूळ गावाचा आणि आसपासच्या पट्ट्याचा इतिहास पाहिला की ही ताटातूट कशी झाली ते समजते. हा मुलूख उल्हास, बारवी आणि वालधुनी या नद्यांचा. वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे आणि त्याच्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इ.स. 1060, हे साल आहे. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे आश्रयस्थान झाली आणि 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले. पुढे कारखाने आले, बारवी धरण झाले आणि जांभूळ येथे औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले. नळाचे पाणी ही मोठी सोय होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पिण्याचे पाणी नळाला आले की विहीर उपसणे, गाळ काढणे, तिच्यावर नजर ठेवणे मागे पडते. विहिरी बुजल्या, वालधुनीत सांडपाणी आणि रसायने मिसळली. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. कासवाला राहायला जागा उरली नाही, आणि मग ते दुकानातल्या काचेच्या पेटीत आले.

ते आलेही दुसरेच. डबक्यात, तळ्यात, विहिरीत राहणारे आपले मऊ पाठीचे कासव आणि कोरड्या माळावरचे तारा कासव, दोघेही आज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना घरात ठेवणे गुन्हा आहे आणि शिक्षा 3 ते 7 वर्षे कैदेची. बाजाराने ती जागा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या लाल कानाच्या कासवाने भरली. रुपयाएवढे असताना ते विकले जाते, पण वीतभर किंवा त्याहून मोठे होते आणि तीस वर्षेही जगते. पेटी पुरेनाशी झाली की माणसे दयाबुद्धीने ते तळ्यात किंवा नदीत सोडतात. तिथे ते स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हात बसायच्या जागा बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आगंतुक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. अमेरिकेने 1975 मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेलाची लागण होत होती.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की विहिरीतले कासव पाणी शुद्ध करते हा समजच खोटा. तो पुष्कळसा खोटा आहेच. कासव गोगलगायी, किडे, मेलेले जीव खाते, पण त्याची विष्ठाही त्याच पाण्यात पडते आणि रोगजंतू त्याने मरत नाहीत. तरी पाण्यात आपल्या घरचा जीव आहे म्हणून त्यात काही टाकताना हात थांबे. त्या रीतीचे मोल या संकोचात होते. दुसरा आक्षेप श्रद्धेचा: देवाचा जीव घरी जपला तर बिघडले काय? पण नुसती श्रद्धा कासवाला वाचवत नाही. वीस नखांचे कासव पैशांचा पाऊस पाडते, या समजुतीपायी आपल्याच राज्यात कासवांची तस्करी होते. श्रद्धा पाण्याच्या जागेशी बांधलेली असली, तरच ती राखण करते. आसामात हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्याने काळे मऊ पाठीचे कासव जपले. 2002 मध्ये ही जात निसर्गातून नामशेष झाल्याची नोंद झाली होती, तेव्हाही ती देवस्थानांच्या तळ्यांत जिवंत होती. आपल्या कोकणातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन सागरी कासवांची घरटी राखली. तिथे कासव कुणाच्या घरी नाही, तरी ते साऱ्या गावाचे आहे.

तिसरा आक्षेप मुलांचा: जवळ असल्याशिवाय माया कशी लागेल? माया लागावीच, पण उन्हासाठी वर येणारे आणि माणसाची चाहूल लागताच पाण्यात शिरणारे कासव मुलाला जे शिकवते, ते काचेला नाक घासणारे कासव शिकवू शकत नाही. म्हणून ज्यांच्या घरी लाल कानाचे कासव आहे त्यांनी ते शेवटपर्यंत नीट सांभाळावे, उल्हासेत किंवा बारवीत सोडू नये. देशी कासव असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवून ते सोपवावे. आणि जांभूळ, अंबरनाथ, बदलापुरात एखादी विहीर, एखादे तळे अजून शिल्लक असेल, तर त्याचा गाळ काढून ते जिवंत ठेवावे. घराण्याची रीत पुढे चालवायची असेल, तर ती अशीच चालवता येईल.